पाय कापल्यानंतर हाडांकडेही बघणारं रिहॅब सेंटर
बाबांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, त्यानंतर ज्या रिहॅब सेंटरला आम्ही जातोय त्याबद्दल लिहितेय. सगळ्यात आवडलं ते म्हणजे यांनी हाडांचा विषय पहिल्याच भेटीत काढला, कारण कापलेल्या बाजूवर पुरेसं वजन पडत नाही म्हणून त्या मांडीचं हाड, खासकरून खुब्याजवळ, हळूहळू ठिसूळ होत जातं आणि मग साध्या पडण्यानेही फ्रॅक्चर होऊ शकतं, हे बऱ्याच ठिकाणी कुणी सांगतच नाही! इथे दोन्ही खुब्यांचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करायला लावला, व्हिटॅमिन डी पण तपासलं. फिजिओ मॅडमना खूप पेशन्स आहे, पॅरलल बारमध्ये उभं करून कृत्रिम पायावर थोडं थोडं वजन टाकायला शिकवतात, सॉकेट (कृत्रिम पायाचा जो भाग उरलेल्या पायावर बसतो तो) काढलं की कातडी लाल झालीय का ते बघतात. गुडघ्याखाली उशी ठेवू नका, सांधा आखडतो, हे आम्हा घरच्यांनाही नीट समजावलं. पडल्यावर उठायचं कसं याचीही प्रॅक्टिस घेतात, बाबांची भीती त्यानेच गेली. तक्रार एकच, सॉकेट सैल झालं की दुरुस्तीची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, आणि चालणं बंद म्हणजे हाडांवरचा भारही बंद, हे त्यांनी मनावर घ्यायलाच हवं.