रिमांड होममधल्या पोरांच्या नाटकाला पैसे द्यायचेत, पण नेमके कशाला?

लातूरच्या एका मित्राचा मागच्या महिन्यात फोन आला, वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावजेवण न घालता भावंडांनी मिळून दोन लाख बाजूला काढलेत आणि ते रिमांड होममधल्या लेकरांच्या नाटकासाठी द्यायचेत, कारण वडील जत्रेतल्या नाटकात हौसेनं काम करायचे. त्याच्यापुढं तीन प्रस्ताव आहेत. एक, तीन दिवसांचं शिबिर आणि शेवटी मोठा प्रयोग. दोन, वर्षभर आठवड्यातून दोनदा वर्ग. तीन, सुटून घरी गेलेल्या पोरांसोबत बाहेर काम. मी स्वतः काही वर्षं मराठवाड्यातल्या एका निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्येच, नाटकाचे खेळ घ्यायला जातोय, त्यामुळं माझं मत आधीच एका बाजूला झुकलेलं आहे हे धरूनच वाचा.

पैसे देणाऱ्यानं सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे पोरगं तिथं राहतं किती दिवस. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळानं, म्हणजे पोरांच्या केसेस बघणाऱ्या मंडळानं, चौकशी ४ महिन्यांत संपवायची, फार तर आणखी २ महिने वाढतात, आणि जामीन देणं हाच मूळ नियम आहे, म्हणजे कित्येक पोरं काही दिवसांतच घरी जातात. सोमवारी ज्याला मुख्य भूमिका दिली तो गुरुवारी गेलेला असतो, आणि ते चांगलंच आहे, त्यानं घरी जायलाच पाहिजे, पण तुमची तालीम तिथंच मोडते.

आता शिबिर घ्या. त्याचा फायदा खरा आहे, तीन दिवस पूर्ण वेळ मिळतो, पोरं खुलतात, टाळ्या मिळतात, आणि ज्याला शाळेत कायम मागच्या बाकावर बसवलं त्याला टाळ्या मिळणं ही छोटी गोष्ट नाही. पण खर्च बघितला तर मांडव, साउंड, लाईट, ड्रेस, पाहुण्यांचा चहा-नाश्ता यातच बक्कळ पैसा जातो. मी असा एक प्रयोग बघितलाय, पाहुणे मोबाईल वर करून पोरांचे व्हिडिओ काढत होते आणि एक पोरगा सगळा वेळ त्यांच्याकडं पाठ फिरवून उभा राहिला. कायद्याचं कलम ७४ सांगतं की अशा बालकाची ओळख कुठंच उघड करायची नाही, केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फ्लेक्सवर पोरांचा फोटो लावायचं कुणी बोललं तर तिथंच नाही म्हणा. चौथ्या दिवशी शिकवणारे निघून जातात, मग लेकरं अधीक्षकांना विचारत बसतात की सर परत कधी येणार.

आठवड्याचा वर्ग दिसायला साधा असतो, फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही, पण काम तिथंच होतं. प्रत्येक वर्ग त्याच दिवशी पूर्ण होईल असा घ्यायचा, म्हणजे आज आलेला पोरगाही खेळू शकतो आणि उद्या जाणाऱ्याचंही अर्धवट राहत नाही. ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांनी फोरम थिएटरची जी पद्धत बसवली ती इथं फार कामाची आहे. प्रसंग करायचा, जसं की दोस्त म्हणतोय चल गाडी उचलू, काय होत नाही, आणि बघणाऱ्यानं मध्येच थांबवून स्वतः उभं राहून त्या पोराच्या जागी दुसरं काहीतरी करून बघायचं. आमच्याकडं एका प्रसंगात आठ पोरांनी आठ तऱ्हेनं नाही म्हणून बघितलं, त्यातली पाच तऱ्हा दोस्तानं हाणून पाडल्या, मग तीन उरल्या त्यावर तासभर बोलणं चाललं. एक पोरगा तीन आठवडे तोंड उघडत नव्हता, घरी गोंधळ्यांची परंपरा, एके दिवशी त्यानं बादली पालथी घालून त्यावर संबळाचा ठेका धरला आणि तिथून पुढं तो बोलायला लागला. असं कधी होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून सारखं जात राहावं लागतं.

पूर्ण लांबीचं नाटक बसवायचंच असेल तर ते विशेष गृहात, जिथं मंडळाच्या आदेशानं पोरं जास्त काळ, कमाल ३ वर्षांपर्यंत, राहतात. तिथं तालीम टिकते.

तिसरा प्रस्ताव सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचा. पोरगा गावी गेला की तेच दोस्त, तीच पारावरची टोळी, आणि बीडकडच्या बऱ्याच घरांत दसरा-दिवाळीनंतर आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले, म्हणजे घरात आजी आणि कुलूप. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात वंचितांचा रंगमंच सुरू केला, तिथं वस्तीतली मुलं आपल्याच जगण्यावर नाटकं करतात. त्या पोरांवर केसेस होत्या असं नाही, पण नाटकाची जागा वस्तीजवळ असली की पोरं येत राहतात हे त्यातून घेता येतं. अडचण अशी की आपल्याकडं पोरं आठ जिल्ह्यांत विखुरलेली, एसटीचं भाडं आणि बुडलेली मजुरी दिल्याशिवाय कुणी तालुक्याला येणार नाही. नुसता हाच प्रस्ताव धरला तर पहिल्या सहा महिन्यांत चार पोरंही टिकतील का, मला शंका आहे, कारण ज्याला आत असताना कधी बघितलंच नाही अशा माणसाच्या मागं पोरगं बाहेर जात नाही.

म्हणून मित्राला मी दुसरा आणि तिसरा जोडायला सांगितलं. ४८ आठवडे, ९६ वर्ग, १,२०० मानधन धरलं तर १,१५,२०० आणि प्रत्येक फेरीचे २०० प्रवासाचे म्हणजे १९,२००. उरतात ६५,६००, ते सगळे सुटलेल्या पोरांच्या एसटीभाड्याला, जेवणाला आणि महिन्यातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी भेटायला. शिकवणारा मात्र आतला आणि बाहेरचा एकच पाहिजे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून नाट्यशास्त्र शिकून निघालेली पोरं-पोरी आहेत, त्यांना इथं नियमित काम मिळालं तर त्यांचंही बरं होईल.

पैसे देण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून आणि अधीक्षकांकडून लेखी परवानगी बघा, कायद्याच्या कलम ५३ मध्ये संस्थेतल्या खेळ आणि सांस्कृतिक उपक्रमांना जागा आहेच. सगळे दोन लाख एकदम देऊ नका, तीन-तीन महिन्यांचे हप्ते करा, आणि हिशोबासोबत किती वर्ग झाले, किती बुडाले एवढंच मागा, पोरांची नावं नका मागू. आणि सुरुवात दसऱ्याच्या आधी करा, म्हणजे ऊसतोडीला निघायच्या आधी आई-बापाची शिकवणाऱ्याशी एकदा तरी भेट होईल.