सेबे की मालदीव? घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी दोन अपरिचित क्लाउनमाशांची तुलना

ज्यांच्या घरी ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनमाशांची नारिंगी-पांढरी जोडी वर्ष-दोन वर्षे व्यवस्थित नांदली आहे आणि ज्यांना आता सहसा न दिसणारी एखादी जात पाळावीशी वाटते आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. जगात क्लाउनमाशांच्या सुमारे 30 जाती असल्या, तरी येथे दोनच घेतल्या आहेत, कारण दोन्ही आपल्या शेजारच्या समुद्रातल्या आहेत. सेबे क्लाउन (अ‍ॅम्फिप्रिऑन सेबे) हिंदी महासागराच्या मोठ्या पट्ट्यात आढळतो आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखाताच्या परिसरात, तो चांगलाच परिचित आहे. मालदीव क्लाउन (अ‍ॅम्फिप्रिऑन नायग्रिपेस) मात्र मालदीव, लक्षद्वीप आणि श्रीलंका एवढ्याच टापूतला आहे.

निवड करण्याआधी मासा नीट ओळखता आला पाहिजे, कारण दुकानात सेबेच्या नावाखाली पुष्कळदा क्लार्की जातीचा मासा दिला जातो. खऱ्या सेबेचे अंग गडद तपकिरी ते काळे असते, त्यावर दोनच पांढरे पट्टे असतात, आणि मधला पट्टा वर जाताना मागे कलत पाठीच्या पराच्या मागच्या भागात शिरतो. शेपटी पिवळी असते आणि तिच्या मुळाशी पांढरा पट्टा नसतो; क्लार्कीला तेथे पांढरा पट्टा असतो. ही एक जागा बारकाईने पाहिली, तरी बहुतेक फसवणूक टळते. मालदीव क्लाउन ओळखणे सोपे आहे: अंग मऊ बदामी-नारिंगी, डोळ्यामागे एकच पांढरा पट्टा, आणि पोटाकडचे पर काळे. शांत प्रकाशात हा मासा इतका देखणा दिसतो, की अनेकजण केवळ रंगावर निर्णय घेऊन मोकळे होतात, आणि अडचणी तेथूनच सुरू होतात.

खरा फरक दोघांच्या घरात, म्हणजे समुद्रफुलात (अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा स्पर्शकांचा सागरी प्राणी) आहे. निसर्गात दोन्ही जाती प्रत्येकी एकाच जातीच्या अ‍ॅनिमोनमध्ये राहतात. सेबेचा अ‍ॅनिमोन म्हणजे हॅडोनी, ज्याला छंदातले लोक कार्पेट अ‍ॅनिमोन म्हणतात. तो वाळूत रुतून बसतो, त्याला वाळूचा जाड थर लागतो, आणि त्याच्या आखूड स्पर्शकांची चिकटण्याची ताकद इतकी असते, की टाकीतला दुसरा छोटा मासा त्यावर आदळला तर बहुधा वाचत नाही. मालदीव क्लाउनचा अ‍ॅनिमोन मॅग्निफिका आहे. तो खडकाच्या उंच टोकाला बसतो, त्याला प्रखर प्रकाश आणि जोरदार, सतत दिशा बदलणारा प्रवाह हवा असतो. मनाजोगी जागा मिळाली नाही, तर तो टाकीभर फिरू लागतो, आणि फिरता फिरता पंपात अडकला की एका रात्रीत सगळे पाणी नासू शकते. घरच्या टाकीत सांभाळायला सर्वांत अवघड अ‍ॅनिमोनांत त्याची गणना होते. शिवाय दोन्ही अ‍ॅनिमोन अर्धा मीटर किंवा त्याहून अधिक रुंद होतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की या दोन्ही माशांना अ‍ॅनिमोनशिवायच पाळावे. टाकीत शिकारी मासे नसतील, तर क्लाउनमाशाला जगण्यासाठी अ‍ॅनिमोनची गरज नसते. एखादा खडकाचा कोपरा किंवा मऊ प्रवाळाचा झुबका तो आपलासा करतो आणि तेथे अंडीही घालतो. कठीण प्रवाळ मात्र आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हे विसरू नये. ‘जिवंत खडक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांतही ते असू शकतात. त्यापेक्षा कृत्रिम खडक घेऊन त्यावर जिवाणू वाढू देणे बरे.

आकार आणि स्वभाव यांत सेबे वरचढ आहे, आणि तीच त्याची अडचणही आहे. तो 16 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, मादी आपला भाग कसोशीने राखते आणि काच पुसायला घातलेल्या हातावरही धावून येते. त्याच्या जोडीला किमान 250 ते 300 लिटरची टाकी द्यावी आणि सोबत बुजरे मासे ठेवू नयेत. मालदीव क्लाउन 11 सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, तुलनेने सौम्य असतो आणि 150 ते 200 लिटरमध्ये त्याची जोडी नीट राहते. मुंबई-पुण्याच्या घरांत जागेचा प्रश्न मोठा असल्यामुळे येथे अनेकांचे पारडे मालदीवकडे झुकेल, पण पुढचे दोन मुद्दे त्याच्या विरोधात जातात.

पहिला मुद्दा उन्हाळ्याचा. दोन्ही जातींना 25 ते 27 अंश तापमान आणि 1.025 च्या आसपासची स्थिर घनता (पाण्याच्या खारेपणाचे माप) मानवते. एप्रिल-मेमध्ये बंद घरातल्या टाकीचे पाणी सहज तिशीच्या वर जाते, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पुण्यात किंवा नागपुरात हवा कोरडी असल्यामुळे पाण्यावर लावलेला पंखा दोन-तीन अंश खाली आणतो, मात्र उडालेल्या पाण्याची भरपाई रोज गोड्या आरओ पाण्याने करावी लागते. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत पंख्याचा उपयोग फारसा होत नाही; तेथे चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, खर्च गृहीत धरूनच हिशेब मांडावा. असा चढउतार काही दिवस झाला, तर सेबे बहुधा तग धरतो, तर मालदीव खाणे सोडतो.

दुसरा मुद्दा रोगाचा. ब्रुक्लिनेला नावाचा परजीवी क्लाउनमाशांना विशेष ग्रासतो: अंगावर पांढुरकी बुळबुळीत साय येते, श्वास जलद होतो, आणि उपचार न झाल्यास मासा एक-दोन दिवसांत जातो. समुद्रातून पकडलेला आणि प्रवासात दमलेला मालदीव क्लाउन त्याला फार लवकर बळी पडतो. चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवण्याची सोय नसेल, तर पकडलेला मालदीव क्लाउन घेऊच नये. सेबेच्या बाबतीत परिस्थिती आशादायक आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने क्लाउनमाशांच्या अनेक जातींच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले असून त्यांत सेबेही आहे. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनमाशांच्या पैदाशीचे काम हाती घेण्यात आले आहे. हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, वाढलेले पिल्लू घरी आल्याच्या पहिल्या दिवसापासून दाणे खाते आणि काचेच्या टाकीला सरावलेले असते.

यावरून माझी शिफारस अशी: जागा असेल, तर सेबे घ्यावा, जागा कमी पण टाकी जुनी, स्थिर आणि चिलरची असेल, तर हॅचरीतला मालदीव घ्यावा, आणि तो मिळेपर्यंत थांबावे. कोणतीही जात घेताना दोन लहान, आकाराने थोडी वेगळी पिल्ले एकदमच आणावीत. क्लाउनमासे सुरुवातीला नर असतात. त्यांतले मोठे पिल्लू पुढे मादी होते आणि जोडी आपोआप जमते. दोन मोठे मासे आणल्यास दोन्ही माद्या निघण्याची शक्यता असते, आणि सेबेच्या बाबतीत त्यांतली एक सहसा जिवंत राहत नाही.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला मासा समोर खाऊ घालायला सांगावे. दाणा पडताच वर येणारा, कल्ले एका लयीत हलवणारा आणि पर ताठ ठेवणारा मासा घ्यावा. कोपऱ्यात वरच्या थराशी धापा टाकणारा मासा कितीही स्वस्त दिला, तरी तेथेच सोडावा.