सायकलची चामड्याची सीट सात महिने वापरल्यावर: लांबच्या राईडसाठी घ्यावी का?

मार्चमध्ये घेतली होती ही सीट, आता ऑक्टोबर उजाडलाय आणि मीटरवर ४२०० किलोमीटर झालेत, म्हणून लिहितोय. आठवडाभर वापरून लिहिलेले रिव्ह्यू वाचून मी आधी दोन जेलवाल्या सीट घेतल्या आणि दोन्ही पैसे वाया गेले, म्हणून या वेळी मुद्दाम थांबलो.

आम्ही चौघं डिसेंबरात चार दिवसांची राईड करणार आहोत. बेळगावहून आंबोली उतरून वेंगुर्ला, दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण-देवगड, तिसऱ्या दिवशी गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर आणि चौथ्या दिवशी निपाणी-संकेश्वर करत घरी. एका दिवसात दीडशे मी आधी मारलेत, पण ओळीने चार दिवस हे प्रकरणच वेगळं. पहिल्या दिवशी कुठलीही सीट बरीच वाटते हो, खरं काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी टांग टाकून बसताना कळतं. जेलची सीट सुरुवातीला गादीसारखी लागते, पण दोन-तीन तासांत जेल दबतं, हाडं खाली रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो, दुसऱ्या दिवशी त्यावर बसवतच नाही.

म्हणून ट्रेनिंगच तसं लावलं. महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार जोडून. शनिवारी पहाटे पाचला टिळकवाडीतून निघायचं, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यापर्यंत जाऊन परत, शंभरच्या आसपास होतात. रविवारी पाय जड असतानाच येळ्ळूरला जाऊन राजहंसगड तीनदा चढायचा. अंतर कमी पण चढावर माणूस सीटच्या टोकाकडे सरकतो, आणि आदल्या दिवशी जिथं दुखलंय तिथंच परत घासतं. सीट तपासायची तर अशी तपासायची.

आता सीटबद्दल. नवीन असताना ही लाकडासारखी टणक. आमच्यातल्या एकानं हात लावून बघितलं आणि म्हणाला, "सीट हाय की पाट हाय रे हे?" पहिले पाच-सहाशे किलोमीटर खरंच त्रास झाला, ते लपवत नाही. त्यानंतर एका रविवारी सायकल पुसताना वरनं बोट फिरवलं तर दोन खळगे लागले, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, बरोबर माझ्या बसायच्या हाडांच्या जागी. पण उजवा डाव्यापेक्षा खोल होता. म्हणजे मी उजवीकडे कलून बसत होतो, कारण सीट उंच होती आणि पायाला पेडल नीट पुरत नव्हतं. टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होईल एवढीच उंची ठेवायची हे वाचलं होतं, केलं नव्हतं. सहा मिलीमीटर खाली घेतली आणि महिनाभरापासून होणारी उजव्या कमरेची दुखी दोन आठवड्यांत गेली. हे मला कुठल्या जेलच्या सीटनं सांगितलं नसतं.

पावसाचं मात्र नीट वाचा. जुलैत कणकुंबीकडचा पाऊस काय असतो ते आपल्याकडच्यांना माहीत आहे, मलप्रभेचा उगमच तिथला. सीटला वरून प्लास्टिकची पिशवी बांधली होती पण मागच्या चाकाचं पाणी खालून उडून चामडं आतून चिंब झालं. घरी आलो तर आई म्हणाली शेगडीजवळ ठेव, पटकन वाळेल. ठेवली नाही ते बरं केलं, उष्णतेनं चामडं कडक होऊन तडकतं. दोन दिवस माळ्यावर सावलीत ठेवली. तरी चामडं सैल पडून थोडी खोल गेलीच. मग एका दुकानात सांगितलं म्हणून सीटच्या टोकाखालचा, चामडं ताणायचा नट दोन पूर्ण फेरे आवळला आणि पुढच्या राईडला तासाभरात मुंग्या आल्या, ताण एवढा की मधला भाग वर आलेला. नट पाव फेऱ्याच्या वर एका वेळी फिरवू नका. खोबरेल तर अजिबात लावू नका, चामडं लोळागोळा होतं, चामड्याचं मेण असतं ते पातळ लावायचं, बास. आणि मागं लांब मडगार्ड लावाच.

वजन अर्ध्या किलोच्या वर आहे. कधीमधी पंचवीस-तीस किलोमीटर फिरणाऱ्यानं घेऊ नये, खळगे पडेपर्यंत कंटाळून विकून टाकाल. पॅडवाली शॉर्ट लागतेच, सीट चांगली म्हणून ती सुटत नाही.

गेल्या शनिवारी चंदगडपर्यंत जाऊन परत आलो, रविवारी किल्ल्याचे चढ धरून साठ किलोमीटर केले. रविवारी सकाळी बसलो तेव्हा हाडांना थोडं जाणवलं, येळ्ळूर येईपर्यंत तेही गेलं. ओळीने तीन दिवस अजून केलेले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत करणार आहे, नटाचा पाना बॅगेत टाकूनच.