कोपलमधले किडे : अकरा महिने आणि एका खान्देशी उन्हाळ्यानंतर

फेब्रुवारीत लिहिला असता तर हा अनुभव नुसत्या कौतुकाचा झाला असता. मग एप्रिल-मे आला, जळगावात पारा ४४-४५ अंशांवर गेला आणि मादागास्करहून मागवलेल्या, आत किडे अडकलेल्या कोपलच्या, म्हणजे झाडाच्या राळेच्या, बारा तुकड्यांपैकी पाचांवर तड्यांचं जाळं धरलं. म्हणून आधी तडे, बाकीचं नंतर.

हे तडे आपटल्याने येत नाहीत. कोपल म्हणजे अजून पुरती न पिकलेली राळ. तिच्यात टर्पीन, म्हणजे उडून जाणारी तेलं, शिल्लक असतात. उष्णता लागली की वरच्या थरातली तेलं आधी उडतात आणि तो थर आकसतो. आतला भाग आकसत नाही, मग या ओढाताणीत वरचा थर फाटतो. सुरुवातीला पॉलिश नुसतं मंद वाटतं. दहापट भिंगाखाली तिरपा उजेड टाकून पाहा : उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीसारखी जाळी दिसते, फक्त एकेक चौकट मिलिमीटरभराची. तेव्हा बोटाला काही लागत नाही. पंधरा दिवसांनी नखाला लागतं, आणि आतली मुंगी धुक्यात गेल्यासारखी दिसते.

पाचही तुकडे कूलरच्या खोलीतले आहेत, हे महत्त्वाचं. कूलर चालू असेपर्यंत हवा दमट, बंद केला की थोड्याच वेळात खडखडीत कोरडी. रोजचा हा हेलकावा नुसत्या उन्हापेक्षा वाईट. त्यात डबीत सिलिका जेलच्या पुड्या होत्या. मार्चमध्ये ती युक्ती चांगली वाटली होती. ते मत आता साफ मागे घेतो. कोपलला कोरडेपणा नको, स्थिरपणा हवा. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि शक्य तितका अंधार.

टिकलेले सात तुकडे असे ठेवले होते : प्रत्येक तुकडा छोट्या झिप पिशवीत, हवा दाबून काढलेली. सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा मधल्या खोलीत, जमिनीलगतच्या फळीवर. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट टाळलं. मे महिन्यात डबा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये कधीच नाही. बाहेर काढल्यावर झाकण चार-पाच तास उघडायचं नाही, नाहीतर तुकड्यावर दव धरतं. डांबर गोळ्या आणि कापूर त्या कपाटातही नकोत, त्यांच्या वाफेने राळ मऊ पडते. एवढ्यावर खर्च जवळजवळ शून्य.

जाळं घालवता येतं, पण तुकडा झिजतो. पाण्याचा कागद ८००, १२००, २००० असा चढत जायचं, कागद सतत ओला आणि हात हलका. कोरडं घासलं की कोपल तापून चिकट होतो आणि कागद भरून जातो. मोटारीच्या चाकावर तर हे फार लवकर घडतं. किड्यावर निदान दीड मिलिमीटर राळ शिल्लक राहील एवढंच घासा. पितळेचं पॉलिश वापरू नका, त्यात द्रावक असतात. आणि नीट ठेवलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात जाळं परत येतं. फक्त पाहण्यापुरतं असेल तर घासूच नका : ग्लिसरीनचा थेंब, वर काचेची पातळ चकती, की बारीक जाळं दिसेनासं होतं. काम झालं की ओल्या फडक्याने पुसायचं. खोल भेगेत मात्र ग्लिसरीनही नको. खोबरेल किंवा तिळाचं तेल मुरतं आणि राहतं, ते टाळा.

आता मालाविषयी. चिठ्ठीवर ‘अंबर’, म्हणजे लाखो वर्षांत पुरती पिकलेली राळ, होतं, निघाला कोपल. ही तक्रार विक्रेत्याने शेवटपर्यंत मान्य केली नाही, म्हणून तपासणी स्वतःच शिका. पाव लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवा. अंबर आणि कोपल तरंगतात. काच, बेकेलाइट, अ‍ॅक्रिलिक बुडतात. तापीच्या पात्रातला मधाळ खडा कोणी अंबर म्हणून दिला तर तोही तळ गाठेल. तो दख्खनच्या काळ्या कातळातून (ट्रॅप) सुटलेला अकीक. पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक मात्र तरंगतं, म्हणून एवढ्यावर थांबू नका. मागच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा एक थेंब, अर्धा मिनिट, मग कागद दाबा. चिकटला तर बहुधा कोपल, नाहीतर पॉलिस्टायरीन. तापलेली सुई लावू नका, कायमचा डाग राहतो.

‘बहुधा’ जाणूनबुजून लिहिलंय. नवापूरच्या पलीकडे, सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीतलं अंबर पाच कोटी वर्षांहून जुनं आहे, तरी टोल्युइन-क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकांत विरघळतं. २०१० मध्ये त्यातल्या किड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा राळ विरघळवून अख्खे किडे बाहेर काढता येतात हेही कळलं. म्हणजे द्रावकाने विरघळणं फक्त वयावर नाही, राळेच्या जातीवरही ठरतं. ते अंबर साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांचं. किराणा दुकानात मिळणारी अस्सल राळही साल वृक्षाचीच.

किड्यांच्या बाबतीत कोपलला पूर्ण गुण. बाल्टिक अंबराच्या एका बऱ्या तुकड्याच्या पैशात मूठभर येतो. डंख नसलेल्या मधमाश्या त्यात भरपूर, कारण त्या घरट्यासाठी राळ गोळा करायला येतात आणि तिथेच अडकतात. लाकूड पोखरणारे दंडगोल भुंगेरे, मुंग्या, वाळवीचे पंख हेही नेहमीचे. एका तुकड्यातल्या मधमाशीच्या मागच्या पायावर राळेचा गोळा तसाच चिकटलेला आहे. वीसपट भिंगाखाली पायाचा एकेक केस मोजता येतो. बाल्टिकमध्ये किड्याला बऱ्याचदा दुधी पापुद्रा चढलेला असतो, इथे तो नाही. हे शेकड्यांपासून काही हजार वर्षांपूर्वीचे जीव, पण शिकायला फार चांगले.

किडा मोठा, मधोमध, पंख पसरलेले आणि वर स्वस्त असेल तर सांधा शोधा. एकाच पातळीत चपटे बुडबुडे म्हणजे डिंकाचा थर. यात तज्ज्ञही फसलेत. कीटकशास्त्रज्ञ लोव यांनी १८५० मध्ये नोंदवलेली आणि हेनिग यांनी १९६६ मध्ये अस्सल धरलेली बाल्टिक अंबरातली माशी १९९३ मध्ये लंडनच्या संग्रहालयात अँड्र्यू रॉस यांनी बनावट ठरवली. सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याने तुकडा तापला आणि माशीभोवती भेग उमटली : अंबर कापून, कोरून, आजची माशी बसवून परत चिकटवलेलं होतं. म्हणून तपासतानाही थंड एलईडीच वापरा, कोपलला तर हवाच.

मागवायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात कुरिअरच्या बंद गाडीत तुकडा घरी पोचायच्या आधीच तापतो, आणि जाळं दिसायला लागेपर्यंत परत करायची मुदत संपलेली असते.