सांचेझ की पेड्रोझा: न झालेल्या लढतीचा कौल

1980 ते 1982 या काळात बॉक्सिंगच्या फेदरवेट (126 पौंडांपर्यंतच्या) वजनगटात दोन जगज्जेते एकाच वेळी भरात होते, कारण डब्ल्यूबीसी आणि डब्ल्यूबीए या दोन संघटनांचे विजेतेपदाचे पट्टे वेगवेगळे. डब्ल्यूबीसीचा पट्टा मेक्सिकोच्या साल्वादोर सांचेझकडे, डब्ल्यूबीएचा पनामाच्या युसेबियो पेड्रोझाकडे. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. 12 ऑगस्ट 1982 ला सांचेझ मोटार अपघातात गेला, अवघा 23 वर्षांचा. तेव्हापासून जो तो आपापला निकाल लावतो. तुम्हीही कुणाची बाजू घ्यायची या विचारात असाल, तर माझं पारडं कशामुळे झुकलं ते सांगतो. लढत 1982 च्या सुरुवातीची, 15 फेऱ्यांची आणि तिऱ्हाईत देशातली, असं धरू.

पेड्रोझाचा पट्टा सात वर्षं टिकला, 19 वेळा त्याने तो राखला, तोही देशोदेशी जाऊन. सांचेझकडे पट्टा अडीचच वर्षं होता. फक्त टिकण्याचा हिशेब केला तर वाद तिथेच मिटतो. पण त्या अडीच वर्षांत समोर कोण कोण होतं? डॅनी लोपेझ, ज्याच्याकडून त्याने पट्टा घेतला, दोनदा. मग खालच्या वजनगटाचा जगज्जेता विल्फ्रेदो गोमेझ आणि शेवटच्या लढतीत अझुमा नेल्सन. नेल्सन तेव्हा कुणाला फारसा माहीत नव्हता, ऐनवेळी बदली म्हणून आला होता. पुढे तो स्वतःच जगज्जेता झाला.

21 ऑगस्ट 1981 ची गोमेझची लढत मी आवाज बंद करून बघतो, कारण समालोचक आपल्या मनात काहीबाही भरवतात. गोमेझ तोवर अपराजित, जिंकलेली प्रत्येक लढत नॉकआउटने. तो नेहमीसारखा चालून येतो. सांचेझ पळत नाही, फक्त अर्धं पाऊल मागे घेतो, ठोसा तोंडासमोरून जाऊ देतो आणि गोमेझचा हात परत जागेवर यायच्या आत आपला टाकतो. पहिल्याच फेरीत गोमेझ खाली. आठव्या फेरीपर्यंत त्याचा चेहरा इतका सुजलेला की बघवत नाही, आणि तिथेच लढत थांबवली गेली. सांचेझचा श्वास मात्र तेव्हाही लागलेला दिसत नाही.

आता पेड्रोझाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. सांचेझला त्रास कुणी दिला? जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशावर, खेळणाऱ्या बॉक्सरांनी. पॅट काउडेलविरुद्ध निकाल विभागून लागला (एका जजचा कौल काउडेलला), पॅट फोर्डविरुद्धही तीनपैकी एका जजने बरोबरी दिली. पेड्रोझा त्याच जातीचा, त्यात उंच आणि लांब हातांचा, शिवाय या दोघांपेक्षा कितीतरी कसलेला. फोर्डला तर त्याने तेराव्या फेरीत संपवलं. एवढ्यावर थांबलो असतो तर मीही कदाचित पेड्रोझाच म्हटलं असतं.

पण दोघांचा आणखी एक समान प्रतिस्पर्धी आहे, हुआन लापोर्ते. सांचेझ त्याच्याशी डिसेंबर 1980 मध्ये लढला, पेड्रोझा जानेवारी 1982 मध्ये. दोघेही गुणांवर जिंकले. तरी पेड्रोझाची लढत बघताना दरवेळी माझी चिडचिड होते. कमरेखालचे ठोसे, क्लिंचमध्ये (एकमेकांना मिठी मारून अडकलेले असताना) मूत्रपिंडावर मारलेले ठोसे, दोन्ही नियमबाह्य, आणि हे एखाददुसरं नाही, रात्रभर चाललेलं. रेफरी समज देतो, खेळ पुढे सरकतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. वाईट याचं वाटतं की या माणसाला त्याची गरज नव्हती. दूरवरून इतका सुंदर खेळणारा बॉक्सर जवळ आला की असा का वागतो, हे मला आजही सलतं.

आणि अंदाज बांधताना नेमकं हेच आडवं येतं. पेड्रोझाच्या जवळच्या खेळातलं कसब किती आणि रेफरीने सोडून दिलेलं किती, हे वेगळं काढता येत नाही. त्याच्यावर पैज लावायची म्हणजे रेफरीवरही लावायची. सांचेझच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही. रिंगमध्ये तिसरा माणूस कुणीही असो, त्याचा खेळ तोच राहतो.

माझ्या मते पहिल्या पाच-सहा फेऱ्या पेड्रोझाच्या, जॅबच्या जोरावर. जॅब नीट चालत नाही असं दिसलं की तो जवळ येणार, कारण मधेच पवित्रा बदलणं ही त्याची जुनी सवय. आणि जवळ येणाऱ्याला सांचेझने काय केलं हे गोमेझला विचारावं. दमाच्या बाबतीत दोघेही तगडे. पेड्रोझाने पट्टा मिळवला तोही तेराव्या फेरीत. मात्र सांचेझने लोपेझला तेराव्या आणि नंतर चौदाव्या, नेल्सनला पंधराव्या फेरीत थांबवलं होतं, ते डोळ्यांसमोर ठेवलं तर शेवटच्या चार फेऱ्या मी त्याच्याच खात्यात टाकेन. बॅरी मॅग्विगनने 1985 मध्ये पट्टा हिसकावताना पेड्रोझाला खाली पाडलं हा दाखला मी वापरत नाही. तेव्हा तो उताराला लागला होता, ते अन्यायाचं होईल.

नॉकआउट होईल असं वाटत नाही. सांचेझ गुणांवर, नऊ फेऱ्या विरुद्ध सहा, आणि एखादा जज उलटा निकाल देईल हेही शक्य आहे. रेफरी ढिला असेल असं तुम्ही धरत असाल, तर पेड्रोझा म्हणायला हरकत नाही, मी भांडणार नाही. तरीही मन ठरत नसेल, तर लापोर्तेच्या दोन्ही लढती एकामागोमाग बघा, आधी पेड्रोझाची, मग सांचेझची.