जनसंपर्क कार्यालय, सिंधुदुर्ग किनारा : पाचपैकी दोन तारे

आमच्या तालुक्याच्या गावात एका जुन्या, सत्तेत मुरलेल्या पक्षाचं जनसंपर्क कार्यालय आहे. पक्षाचं नाव लिहीत नाही. बाकीच्यांची कार्यालयंही थोड्याफार फरकाने याच वळणाची. मी रापण संघातला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं मिळून ओढणाऱ्या मच्छीमारांतला माणूस, आणि बरीच वर्षं मत याच पक्षाला दिलं.

दोन तारे तिथल्या मुलांचे. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डावर नाव चढवणं, उपचाराच्या मदतीसाठी पत्र, ही कामं ती मनापासून करतात. शेजारच्या आजारी माणसाचं पत्र उभ्या उभ्या टाईप करून दिलं. पैसे कुणी मागत नाही.

आम्ही मात्र एलईडी मासेमारीची, म्हणजे रात्री बोटीवरच्या प्रखर दिव्यांनी मासळी खेचून पकडण्याची, तक्रार घेऊन गेलो होतो. केंद्राने २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो, आणि सकाळी सगळी वाडी मिळून रापण ओढते तेव्हा जाळ्यात वाटणीपुरतंही म्हावरं नसतं. "सायब मुंबयक गेलेहत काका, वहीत लिवन ठेवा," मुलगा म्हणाला. वही उघडली. रकाने असे : नाव, गाव, मोबाईल, मतदान केंद्र, घरातली मतं, कुठला दाखला. तक्रार लिहायला जागाच नाही. मी समासात आडवं लिहिलं, खाली सगळ्यांनी सह्या केल्या. उत्तर आलं नाही. मोबाईलवर मात्र त्या आठवड्यापासून साहेबांच्या वाढदिवसाचे आणि उद्घाटनांचे फोटो येऊ लागले. त्या ग्रुपवर लिहायची मुभा फक्त ॲडमिनला.

माझी खरी तक्रार ही आहे. वरून खाली सगळं पोचतं, खालून वर जायला वाट नाही. पूर्वी निदान जिल्हा परिषदेचा सदस्य चहाच्या टपरीवर सापडायचा. आपल्या वाडीतली मतं गेली तर तो स्वतः पडणार असायचा, म्हणून त्याला ऐकावं लागायचं आणि तेच वर बोलावंही लागायचं. मार्च २०२२ मध्ये परिषदेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत राहिला. त्याच काळात, २०२२ आणि २०२३ मध्ये, राज्यातले दोन मोठे पक्ष फुटले. आपला नेता कुठल्या बाजूला गेला ते कार्यकर्त्याला टीव्हीवर कळलं. त्याला विचारून काहीच ठरत नसेल, तर आमचं गाऱ्हाणं त्याने न्यायचं कुणाकडे? साहेबांना आता आमच्या मनातलं सर्व्हे करणाऱ्या एजन्सीकडून कळतं. त्या फोनवाल्या मुलीने मला उमेदवार माहीत आहे का ते विचारलं, मासळीचं काही विचारलं नाही.

हे असंच चालायचं, असं कुणी म्हणू नये. आमच्याच जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघात बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून तीनदा निवडून आले, त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते पाच वेळा. १९८४ च्या लाटेत काँग्रेसने राज्यात ४८ पैकी ४३ जागा घेतल्या, तरी इथे दंडवतेच आले. पैसा, सत्ता, गाड्या सगळं समोरच्या बाजूला होतं. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी आली. लाकडावर रात्र काढणाऱ्याची पाठ दुखते, हे दिल्लीत कुणाला तरी माहीत होतं! त्या पाठीला मतदान केंद्राचा क्रमांक विचारला गेला नव्हता.

कार्यालय चालवणाऱ्यांना एवढंच सुचवतो : वहीत एक रकाना वाढवा, आणि साहेबांना महिन्यातून एकदा लिलावाच्या वेळी बंदरावर आणा. फोटोग्राफर नको.

दाखल्यासाठी जात असाल तर जरूर जा, आधार आणि रेशन कार्डाची झेरॉक्स बरोबर न्या. मासेमारीची तक्रार असेल तर मालवणला सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.