कोथरूडमधील सुट्या साबणाचे दुकान: सात महिन्यांच्या वापरानंतर

कोथरूडच्या एका आतल्या रस्त्यावर गेल्या वर्षी एक लहान दुकान उघडले, जिथे कपडे धुण्याचे, भांडी घासण्याचे आणि फरशी पुसण्याचे साहित्य सुटे मिळते. बाटली आणि डबा आपण घरून न्यायचा, रिकामा असतानाच तो काट्यावर ठेवायचा आणि मग हवे तेवढे भरून घ्यायचे. माल दोन बहिणी स्वतः तयार करतात आणि कशात काय घातले आहे हे विचारले तर न कंटाळता सांगतात. आमच्या पाच माणसांच्या घरात सात महिने त्यांच्या चार वस्तू रोजच्या वापरात आहेत: रिठ्याचे द्रावण, धुण्याची पावडर, फरशीसाठी बायोएन्झाइम आणि घोसाळ्याची घासणी.

धुण्याच्या वस्तूची पारख करताना आपण कपडा पाहतो. मोरीतून निघून गेलेल्या पाण्याची आठवण आपल्याला राहत नाही. पुण्यात राहणाऱ्याला हा विसर परवडणारा नाही, कारण मुळा-मुठेवर उन्हाळ्यात पसरणारी जलपर्णी सांडपाण्यातल्या नत्रावर आणि फॉस्फरसवर पोसते, आणि आळंदीला इंद्रायणीवर तरंगणाऱ्या फेसामागे कारखान्यांच्या पाण्याबरोबर आपल्या घरांतले सांडपाणीही असते. म्हणून या दुकानातली प्रत्येक वस्तू मी दोनदा तपासली: एकदा दोरीवर वाळणारा कपडा पाहून आणि एकदा ते पाणी पुढे कुठे जाते याचा विचार करून.

सर्वांत चांगले उतरले ते रिठ्याचे द्रावण. रिठ्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते, जे साबणासारखेच मळ सोडवते. आतली काळी, टणक बी धुण्याच्या कामाची नाही, म्हणून साली सोलून, भिजवून, उकळून आणि गाळून हे द्रावण करतात. आपल्याकडे रेशमी लुगडी, लोकरीच्या शाली आणि सोन्याचे दागिने रिठ्याने धुण्याची रीत जुनीच आहे आणि तिच्यामागचे कारणही पक्के आहे. रेशीम आणि लोकर ही प्रथिनांची बनलेली असतात. हल्लीच्या बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिने तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, असतात आणि ते रक्ताचा किंवा दुधाचा डाग जसा तोडतात तसाच रेशमाचा धागाही हळूहळू खातात. माझ्या आईची तीस वर्षांपूर्वीची इरकल साडी, जिचा पदर रेशमी आहे, मी या द्रावणाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून दोनदा खंगाळली. पदराचा तांबडा रंग पाण्यात उतरला नाही आणि वाळल्यावर कापड कडक झाले नाही. मशीनमध्येही द्रावण चालते. फेस बेताचा असल्यामुळे पुढून दार असलेल्या मशीनला त्याचा त्रास होत नाही.

घरी उकळलेले रिठ्याचे पाणी थोड्याच दिवसांत आंबते आणि त्याला वास येतो. या द्रावणात लिंबूसत्त्व आणि थोडे परिरक्षक, म्हणजे ते टिकवणारे द्रव्य, आहे, आणि ते बाटलीवर स्पष्ट लिहिले आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. मात्र त्याच बाटलीवर ‘नदीला अपाय नाही’ असेही छापले आहे आणि त्याला माझी हरकत आहे. सॅपोनिन माशांना विषारी असते; कुटलेली रिठ्याची फळे डोहात टाकून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत आपल्या देशात अनेक ठिकाणी होती. मातीत आणि सांडपाण्यात जिवाणू सॅपोनिन मोडून टाकतात हे खरे आहे, परंतु म्हणून ते पाणी थेट ओढ्यात ओतावे असा त्याचा अर्थ होत नाही. झाडापासून आलेली वस्तू आपोआप निरुपद्रवी ठरत नाही, आणि इतक्या मनापासून काम करणाऱ्या बायकांनी तरी हा समज पसरवू नये असे मला वाटते. हे मी त्यांना दुकानात सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

पावडरीची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. तिच्यात धुण्याचा सोडा, खोबरेल तेलाच्या साबणाचा कीस, सोडियम सायट्रेट आणि विकर आहेत. फॉस्फेट नाही, सुगंध नाही आणि कपडे चमकवणारे रसायनही नाही. फॉस्फेट पाण्यातला जडपणा, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार, बांधून ठेवते म्हणून धुलाई उत्तम होते, पण तेच पुढे जलाशयात शेवाळाचे खत बनते. जपानच्या शिगा प्रांतात १९७७ साली बिवा सरोवराचे पाणी सूक्ष्म शैवालांनी तांबडे झाले, तेव्हा तिथल्या गृहिणींनी फॉस्फेटच्या पावडरी टाकून साध्या साबणाचा चुरा वापरण्याची चळवळ उभी केली आणि १९७९ मध्ये प्रांताला फॉस्फेटयुक्त डिटर्जंटवर बंदी घालणारा नियम करावा लागला. युरोपीय संघाने घरगुती धुलाईच्या पावडरींतल्या फॉस्फरसवर मर्यादा घातली ती २०१३ मध्ये. मोरीच्या कट्ट्यावर बसून हे आठवले की पावडरीचा डबा हातात घेताना मला बळ येते.

या पावडरीचे खरे बळ मात्र विकरांत आहे. जर्मनीत ऑटो रोम यांनी १९१३ साली जनावरांच्या स्वादुपिंडातील विकर धुण्याच्या पावडरीत घालण्याचे पेटंट घेतले. पुढे ही विकरे जिवाणूंकडून मिळू लागली आणि थंड पाण्यातही डाग निघू लागले. थंड देशांत त्यामुळे पाणी तापवण्याची वीज वाचते. आपण बहुतेक वेळा नळाच्या पाण्यातच धुतो, म्हणून आपला फायदा वेगळा आहे: कॉलर आणि बाह्या ब्रशने घासाव्या लागत नाहीत आणि थोडी पावडर पुरते. पूर्ण भरलेल्या मशीनला मी दोन सपाट चमचे घालते.

डागांच्या बाबतीत एक अनुभव सांगायलाच हवा. धाकट्याच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडले आणि मी तो शर्ट या पावडरीत भिजत घातला, तर पिवळा डाग पाहता पाहता कुंकवासारखा लाल झाला. हळदीतले रंगद्रव्य सोड्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात लाल होते. त्यात पावडरीचा दोष नाही. साध्या पाण्याने खंगाळल्यावर डाग पुन्हा पिवळा झाला, आणि ओला शर्ट गच्चीवर दोन दुपारी कडक उन्हात ठेवल्यावर तो जवळजवळ दिसेनासा झाला, कारण ऊन त्या रंगाला मोडते. हळदीच्या डागावर ऊन हाच उपाय आहे.

दोष आहे तो दुसरीकडे. आमच्या सोसायटीत आठवड्यातून दोन दिवस टँकरचे, म्हणजे बोअरचे जड पाणी येते. त्या पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग झाला की पांढरट, चिकट साका तयार होतो, आणि माझ्या नवऱ्याच्या काळ्या पँटवर तो राखेसारखा बसला. दुकानात याबद्दल कुणी सावध केले नव्हते. आता टँकरच्या दिवशी मी पाण्यात आधी एक चमचा नुसता धुण्याचा सोडा विरघळवते, दहा मिनिटे थांबते आणि मग पावडर घालते. साका बसणे थांबले आहे. ही एक ओळ डब्यावर असती तर दोन पँट पुन्हा धुवाव्या लागल्या नसत्या आणि तेवढे पाणीही वाचले असते.

पांढऱ्या कपड्यांबद्दल ग्राहकाने मनाची तयारी ठेवावी. तिसऱ्या धुण्यानंतर माझ्या सासऱ्यांनी विचारले, “अगं, हा सदरा साबणात घातला होतास ना?” सदरा स्वच्छ होता, फक्त झगमगत नव्हता. बाजारातल्या अनेक पावडरींमध्ये असे रंगद्रव्य असते जे सूर्यप्रकाशातले न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते, त्यामुळे कापड आहे त्याहून पांढरे भासते. ते कापडाला चिकटून राहते आणि पाण्यात गेल्यावर सहजासहजी कुजत नाही. मी सदऱ्यांना पूर्वीसारखी थोडी नीळ देऊ लागले आणि तक्रार थांबली.

बायोएन्झाइम म्हणजे गूळ, मोसंबी-लिंबाच्या साली आणि पाणी १:३:१० या प्रमाणात तीन महिने आंबवून गाळलेले द्रावण. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी घातले की फरशीचा चिकटपणा जातो, संडासाच्या भांड्यावरचा पिवळा थर मऊ पडतो आणि वासही निघून जातो. एन्झाइम हे नाव असले तरी त्याचे बरेचसे काम आंबवण्यातून तयार झालेले आम्ल करते, आणि इथेच माझे नुकसान झाले. न पातळ करता थोडे द्रावण मी स्वयंपाकघराच्या शहाबादी ओट्यावर ओतून पाच मिनिटे ठेवले. पुसल्यावर तिथे ताटलीएवढा फिकट, खरखरीत गोल उमटला. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, कोटाही तसाच आणि संगमरवरही त्याच कुळातला; आम्ल त्यांना खाते. सिरॅमिकच्या टाइल्सवर मात्र हे द्रावण मी रोज निर्धास्तपणे वापरते.

घासणीबद्दल थोडक्यात सांगायचे तर जून, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी स्टीलच्या भांड्यांना उत्तम आहे, जळक्या कढईला पुरत नाही, आणि दोन महिन्यांनी झिजली की कुंडीतल्या मातीत जाते.

किंमत जास्त आहे. मोठ्या कंपनीच्या पावडरीपेक्षा महिन्याला आमचे साधारण सव्वापट पैसे जातात, आणि ज्या घरात महिनाअखेरीस दहा रुपयांची पुडी आणावी लागते तिथे हा सल्ला देणे बरोबर होणार नाही. दुसऱ्या बाजूला सात महिन्यांत आमच्या घरात साबणाची एकही नवी प्लास्टिक पिशवी आलेली नाही. अनेक थरांच्या त्या पिशव्या भंगारवालासुद्धा घेत नाही. रिफिल ही कल्पना मला या दुकानातली सर्वांत पुढची गोष्ट वाटते. सरकारने १९९१ साली पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी मातीच्या मडक्याचे चिन्ह असलेली इकोमार्क योजना सुरू केली आणि तिच्यात साबण-डिटर्जंटही येतात, तरी माझ्या पाहण्यात ते चिन्ह एकाही पाकिटावर आलेले नाही. या बहिणींनी आपल्या मालाची तपासणी करून घेतली तर त्यांच्या शब्दाला आधार मिळेल.

ओट्यावरचा तो डाग मी मोबाइलवर फोटो काढून थोरल्या ताईंना दाखवला. गेल्या महिन्यात बाटली भरायला गेले तेव्हा बायोएन्झाइमच्या पिंपावर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता: ‘शहाबादी, कोटा आणि संगमरवरावर वापरू नये.’ रिठ्याच्या बाटलीवरची ओळ अजून तशीच आहे. त्याबद्दल मी पुन्हा सांगणार आहे.